आगोट

चिपळूणच्या बाजारपेठेमागच्या एका दुमजली घरात दोन भाऊ राहत होते. थोरला एसटीत वाहक, त्याचं बिऱ्हाड वर. धाकट्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, तो खाली. म्हातारी आई पंधरा दिवस एकाकडे, पंधरा दिवस दुसऱ्याकडे जेवायची, पण झोपायला मात्र खालीच. गुडघ्यांना जिना सोसत नव्हता.

२०१९ च्या मे महिन्यात गावाकडचा कलमांचा एक तुकडा विकला गेला. देणीघेणी भागवून दोघांच्या वाट्याला चार-चार लाख आले. पैसे हातात देताना आईने एकच अट घातली.

“आधी आगोट बाजूला काढा. उरेल ते कुठे घालायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, आगोट म्हणजे कोकणात मृगाच्या आधी घरात भरून ठेवायची पावसाळ्याची बेगमी. तांदूळ, कुळीथ, मसाला, मीठ, आमसुलं, सुकट-बोंबील, कांद्याच्या माळी, पडवीत रचलेली लाकडं. आता बारमाही रस्ते झाले, दारात टेम्पो येतो, तेव्हा एवढं कोणी भरत नाही. पण आईच्या वयाच्या बायकांचा हिशोब अजून त्याच भाषेत चालतो.

थोरला हसला. “मला कसली आगोट? दर महिन्याला पगार होतोच आहे. सरकारी माणूस मी.”

एसटी हे महामंडळ. थोरला स्वतःला सरकारी म्हणायचा, सरकार त्याला तसं म्हणत नव्हतं, आणि पुढे याच मुद्द्यावरून त्याचा पगार थांबायचा होता. पण त्याला अजून अवकाश होता. त्याने चारच्या चार लाख घालून शहराबाहेर दीड गुंठा जागा घेतली आणि चारही कोपऱ्यांना सिमेंटचे खांब पुरून आला.

धाकट्याची तऱ्हा उलटी. त्याचा धंदा तुळशीच्या लग्नानंतर उघडायचा आणि पाऊस लागला की मिटायचा. पैसा येतो तसा आटतो, हे त्याने दरवर्षी पाहिलेलं. शिवाय बँकेत सही जुळत नाही म्हणून एकदा परत यावं लागलं होतं, तो राग होता. त्याने चारही लाख घरातल्या लोखंडी कपाटात ठेवले. २००५ च्या २६ जुलैला पुराचं पाणी घरात आलं होतं. त्याची खूण आईने भिंतीवर अजून पुसू दिली नव्हती. धाकट्याने नोटा त्या खुणेपेक्षा फूटभर उंच कप्प्यात ठेवल्या आणि निर्धास्त झाला.

थोरल्याची बायको गप्प होती. जागेच्या कागदावर नवऱ्याने तिची सही घेतली, मत घेतलं नाही. एका दुपारी सासूबरोबर सुकट निवडायला बसली असताना तिने विचारलं, “आई, किती भरायचं हे तुम्ही कशावरून ठरवायचात?”

“भात किती पिकलं त्यावरून नाही हो,” आई म्हणाली. “घरात तोंडं किती आणि पुरवायचं कुठवर, त्यावरून. सुकी मासळी नारळी पौर्णिमेपर्यंत. पुढे होड्या सुटतात, ताजी मिळते. लाकडं दसऱ्यापर्यंत. तांदूळ हळवं भात घरात येईपर्यंत. सगळ्याला एकच माप लावलंस तर सुकट किडते आणि तांदूळ गणपतीतच तळाला जातो. आणि एक. पावसात कोणी शिमग्यासारखं जेवत नाही. धरायचं ते पावसातलं जेवण.”

थोरलीने त्या रात्री मुलाच्या जुन्या वहीचं मागचं पान घेतलं. नवऱ्याच्या हातात २२ हजार पडत, पण तो आकडा तिने लिहिलाच नाही. किराणा आणि दूध साडेसहा हजार. गॅस आणि वीज १,६००. मुलाची फी आणि रिक्षा २,२००. मोटारसायकलचा हप्ता २,७००. आईची रक्तदाबाची औषधं ९००. विम्याचा वर्षाचा हप्ता बाराने भागून १,१००. किरकोळ एक हजार. सणाचे कपडे, बाहेरचं खाणं, केबल हे तिने धरलं नाही. बेरीज १६ हजार झाली. पावसातलं जेवण ते एवढं.

आता किती महिन्यांचं? बँकेतल्या साहेबांनी सांगितलं होतं, तीन ते सहा महिन्यांचं. सगळे तेच सांगतात. पण तीन आणि सहा यांत दुपटीचा फरक आहे, आणि नेमका तो फरक कोणी भरायचा आणि कोणी सोडायचा, हे कोणी सांगत नाही. ती पुन्हा सासूकडे गेली.

आईने या वेळी तांदळाचं सांगितलं नाही, आपल्या भावाचं सांगितलं. तो परळला गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. महिना-दोन महिन्यांत मिटेल, असं जो तो म्हणत होता. वर्ष उलटलं, दुसरं निम्मं सरलं. कागदावर तो संप कधी मिटलाच नाही.

“भाऊ बायका-पोरांना घेऊन गावी आला,” आई म्हणाली. “घरात तांदूळ होता म्हणून पोरं उपाशी राहिली नाहीत. पण तांदूळ काही दीड वर्षाचा नव्हता. चार-पाच महिन्यांचा होता. तेवढ्यात तो गवंड्याच्या हाताखाली उभा राहिला आणि काम शिकून घेतलं. शेजारच्या वाडीतला एक जण त्याच गिरणीतला. त्याच्या घरात आठ दिवसांचंही नव्हतं. त्याने पंधराव्या दिवशी बैलजोडी विकली. दुभती म्हैस तिच्यामागून गेली. भाव कोणी सांगितला? घेणाऱ्याने. अडल्या माणसाच्या वस्तूचा भाव दुसरा सांगतो.”

थोरली ऐकत होती.

“संकट किती लांबेल ते मोजू नकोस, ते कोणालाच कळत नाही. दुसरं दार उघडायला आपल्याला किती दिवस लागतील ते मोज. तेवढं घरात हवं. त्याहून कमी असेल तर माणूस मिळेल त्या दारात घुसतो. त्याहून फार जास्त भरलं तर किडतं.”

एवढंच. मी ही गोष्ट सांगतोय तीही याच पाच वाक्यांसाठी. पुढचं सगळं ते कसं घडलं एवढंच आहे, पण घडलं ते ऐकण्यासारखं आहे.

थोरलीने हिशोब केला. नवऱ्याचा पगार थांबला तर दुसरं काम मिळून त्याचा पैसा हातात यायला चार महिने. मधेच कोणी आजारी पडलं तर एक. आपलाच अंदाज चुकला तर आणखी एक. सहा सोळे शहाण्णव. वहीच्या पानावर तिने ९६ हजार लिहिलं आणि जावेलाही सांगितलं, “तुमचं माप वेगळं गं. तुमचे पाच महिने तर दरवर्षीच कोरडे जातात. एक लग्नसराई बुडाली की पुढची येईपर्यंत वर्ष. तुम्ही बारा महिन्यांचं धरा.” जाऊ म्हणाली, “आमच्याकडे चार लाख आहेत की कपाटात.” ते खरंच होतं, त्यामुळे बोलणं तिथेच थांबलं.

थोरलीकडे मात्र शून्य होतं. चार लाखांची तर जागा झाली होती. पगारातले अडीच हजार आणि ब्लाउज शिवून मिळणारे दीड हजार, असे दरमहा चार हजार ती बाजूला टाकू लागली. नुसता एका महिन्याचा खर्च साठायला चार महिने लागले. हे फार सावकाश वाटतं, आणि बहुतेक घरं इथेच सोडून देतात.

पैसे ठेवण्याची तिची रीतही सासूच्या मापाची होती. आठ हजार रोख घरात, तेही शंभराच्या आणि दोनशेच्या नोटांत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मसाल्याच्या डब्याखाली. एका महिन्याच्या खर्चाचे बचत खात्यात. बाकीच्या दहा-दहा हजारांच्या मुदत ठेवी, वर्षाच्या. एकच मोठी ठेव केली तर गरज पाच हजारांची असली तरी अख्खी मोडावी लागते. छोट्या असल्या की एक मोडते, बाकीच्या व्याज खात राहतात. त्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येतील असं सांगितलं. टीव्हीवर त्या बँकेच्या दारातली माणसं बघून तिने पुढे ठेवी करताना निम्म्या दुसऱ्या बँकेत केल्या.

नवऱ्याला एवढंच माहीत होतं की बायको काहीतरी साठवते. आकडा तिने सांगितला नाही. घरात साठलेल्या पैशाचा आकडा चार जणांना कळला की पाचव्या दिवशी कोणाचा तरी मेहुणा येतो. एरवी नवऱ्यापासून लपवलेल्या पैशाचं मी कौतुक केलं नसतं. इथे करतो.

२०२० च्या मार्चच्या २५ तारखेला देशभर टाळेबंदी लागली. धाकट्याच्या वहीत एप्रिल-मेची अठरा लग्नं होती. अठराही मोडली, म्हणजे पुढे गेली, आणि विसार परत मागायला माणसं दारात आली. पुढे परवानगी मिळाली ती पन्नास माणसांची. पन्नास माणसांना मंडप कशाला लागतो? पुढच्या एप्रिलात तर पंचवीस माणसं आणि दोन तास. धाकट्याने विसार परत केले, घर चालवलं, कोणापुढे हात पसरला नाही. “बघ,” तो थोरल्याला म्हणाला, “चार लाख कपाटात होते म्हणून. तुझ्या खांबांना पालवी फुटली का?” त्याचं बोलणं लागायचं, पण खोटं नव्हतं. त्याच्या धंद्याला त्याचं माप बरोबर होतं. २०२१ च्या जूनपर्यंत कपाटात दीड लाख उरले होते.

२१ जुलैच्या रात्री वाशिष्ठी नदीचं पाणी चढू लागलं. २२ ला उजाडता उजाडता खालचं घर रिकामं करायची वेळ आली. दोघा भावांनी आईला खुर्चीवर बसवून वर नेलं. मुलं, गॅसची टाकी, कागदपत्रांची पिशवी वर गेली. कपाट राहिलं. धाकटा म्हणाला, “खुणेच्या वर आहे.” पाणी २००५ च्या खुणेला लागलं, थोडा वेळ तिथे थांबल्यासारखं वाटलं आणि पुढे चढत राहिलं.

त्या दिवशी थोरल्याच्या आगाराचे व्यवस्थापक आगारातली सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बुडालेल्या बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिले. पुढे ते सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. आईला वाचून दाखवलं तेव्हा तिने कौतुक केलं आणि धाकट्याकडे पाहिलं. बोलली काही नाही.

पाणी ओसरलं तरी वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. एटीएम चिखलात. थोरल्याच्या खात्यात पगारातले अकरा हजार होते आणि फोनवरून पैसे पाठवायचं ॲपही होतं, पण त्यांचा उपयोग शून्य. प्यायचं पाणी, मेणबत्त्या, दूध, आईच्या गोळ्या, सगळं रोखीने. पाचशेची नोट कोणी घेईना, कारण सुटे कोणाकडेच नव्हते. थोरलीच्या मसाल्याच्या डब्याखालच्या नोटांवर दोन बिऱ्हाडं त्या दिवसांत जगली. नोटांना धणे-जिऱ्याचा वास येत होता, एवढंच काय ते.

धाकट्याने कपाट उघडलं तेव्हा नोटांच्या गड्ड्या चिखलाने एकजीव झाल्या होत्या. वरच्या मजल्यावर सतरंजी पसरून दोघी जावा एकेक नोट सोडवत बसल्या. घाई केली की फाटायची. कोपऱ्यातून फुंकर मारून, नखाने नाही तर बोटाच्या पेराने, हळूच सुटी करायची. वीज आल्यावर वर्तमानपत्राखाली ठेवून इस्त्री फिरवली. बहुतेक नोटा पुढे बँकेने बदलून दिल्या. बुडाले थोडेच. पण ज्या आठवड्यात पैशाची सगळ्यात जास्त गरज होती, त्या आठवड्यात दीड लाख रुपये घरात असून एक रुपया चालत नव्हता.

“खूण मागच्या पुराची होती,” आई म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, आता झालं तेवढं पुरे. पण ऑक्टोबरच्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला. महामंडळाचं शासनात विलीनीकरण करा, आम्हाला सरकारी कर्मचारी म्हणा, ही मागणी. थोरला पहिल्या दिवसापासून संपात. दिवाळी तशीच गेली. काम नाही तर वेतन नाही. डिसेंबरात त्याने जागा विकायला काढली. चार लाखांची जागा. गिऱ्हाईक आलं, चहा प्यायलं, सहज विचारल्यासारखं करून विचारलं, “एसटीत ना तुम्ही?” आणि अडीच लाख बोललं. थोरला रात्रभर जागा होता. सकाळी विसार घ्यायला निघाला, तेव्हा बायकोने पासबुकं आणि ठेवीच्या पावत्या त्याच्यापुढे ठेवल्या.

टाळेबंदीतले भरता न आलेले महिने आणि पुरातला खर्च वजा जाऊन संप लागला तेव्हा ८८ हजार होते. दीड महिना त्यावरच घर चाललं होतं आणि थोरल्याला पत्ता नव्हता. उधारीवर चाललंय असं त्याला वाटत होतं.

तो बराच वेळ पावत्या चाळत राहिला. मग एवढंच म्हणाला, “कुठवर पुरेल?”

“सोळा हजारांनी धरलं तर एप्रिलच्या मध्यापर्यंत. तुम्ही काहीतरी आणलंत तर जास्त.”

गिऱ्हाइकाला त्याने नाही सांगितलं. काम मात्र समोरच होतं. लग्नं पुन्हा मोकळी झाली होती आणि धाकट्याला माणसं मिळत नव्हती. थोरल्याने महिनाभर इकडेतिकडे चौकशा केल्या, पण भावाकडे गेला नाही. धाकट्या भावाच्या हाताखाली रोजंदारीवर पाइप उचलायचे, हे त्याच्या घशाखाली उतरेना. थोरलीने घाई केली नाही. चार महिने धरताना तिने हेही धरलं होतं का, मला माहीत नाही, पण धरायला हवं. दुसरं काम सापडायला एक वेळ लागतो आणि मनाला पटायला वेगळा. जानेवारीत तो गेला. आठ दिवस पाइप उचलले. मग धाकट्याच्या लक्षात आलं की तिकिटांचा पै-पैचा हिशोब वर्षानुवर्षं ठेवलेला माणूस आपण ओझ्याला लावलाय. त्याने बुकिंगची वही आणि वसुली थोरल्याकडे दिली. त्या हंगामात धाकट्याची एकही बाकी बुडाली नाही.

उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं, तसे कर्मचारी परतले. विलीनीकरण झालं नाही. थोरला हजर झाला त्या दिवशी बायकोकडे २४ हजार शिल्लक होते, आणि जागेचे चारही खांब जागच्या जागी होते.

जूनमध्ये, पहिला पूर्ण पगार झाल्यावर, थोरला स्वतः वही घेऊन बसला. धाकटाही वर आला होता. त्याने आता दहा हजार रोख थोरलीच्या डब्याशेजारी ठेवले होते, बाकी सगळं बँकेत. सहीचा नवा नमुना देऊन आला होता. त्याला वाटत होतं, आपणही दादासारखं सहा महिन्यांचं ठेवावं आणि उरलेल्यात लोखंडी ट्रस घ्यावा. आईने मान हलवली. “त्याला पगार आहे. तुला पाऊस आहे. बाराच.” ट्रस पुढच्या वर्षावर गेला.

थोरल्याने सगळं नव्याने मांडलं. मोटारसायकलचा हप्ता फिटला होता, तो काढला. मुलगा अकरावीत जाणार, त्याचा क्लास घातला. गॅस सिलिंडर हजारावर गेला होता, तोही आकडा बदलला. बेरीज साडेसतरा हजार आली. सहाने गुणून एक लाख पाच हजार. वही त्याने बायकोकडे सरकवली. तीन वर्षांपूर्वी तिच्या सहीपलीकडे काही विचारलं नव्हतं, आता तिच्या तोंडाकडे बघत होता.

तिने एकेक ओळ बोट ठेवून वाचली. “तंबाखू धरली नाहीत.”

“संपात सोडली होती.”

“मग खिशात काय आहे?”

धाकटा हसायला लागला. थोरल्याने वही परत ओढली, किरकोळच्या खाली तीनशे रुपये लिहिले आणि पुन्हा सहाने गुणायला घेतलं.